शेवटचं ८० सेंमी

ती. नाना आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

नाना, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मिळाला. त्यातली सगळ्यात कामाची ओळ ऑपरेशनची आहे: लहान आतड्याचा शेवटचा ८० सेंमी भाग काढला, मोठं आतडं शाबूत. मधला एवढाच तुकडा गेला असता तर उरलेल्या आतड्याने बहुतेक काम उचललं असतं. पण बी१२ शोषून घेणं आणि पित्ताचे क्षार यकृताकडे परत धाडणं, ही दोन कामं शेवटच्या टोकासारखी दुसऱ्या कुणाला जमत नाहीत.

जेवण झालं की धावावं लागतं, पिवळसर पाण्यासारखं होतं, आग होते, ते बहुधा या पित्ताचंच. एरवी सुमारे ९५ टक्के पित्तक्षार परत शोषले जातात. आता ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि त्याला पाणी सोडायला लावतात. तेव्हा दर वेळी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक घेऊ नका. ताप किंवा रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी, लगेच दाखवा. कोलेस्टिरामिनची पुडी या पित्तासाठीच आहे. ती पित्त बांधते, तशीच पोटातली इतर औषधंही बांधते. म्हणून बाकीच्या गोळ्या पुडीच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी. आई, सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून ठेवणं आता बंद.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात जुलाब म्हणजे दुहेरी गळती. माठातलं पाणी कितीही प्यालं तरी गेलेलं मीठ त्याने भरून येत नाही. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळायची, ग्लासात अंदाजाने नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह आहे म्हणून साखर गाळू नका, साखरेतल्या ग्लुकोजच्या जोडीनेच मिठातलं सोडियम आत ओढलं जातं. दिवसभर घोट घोट घ्या. लघवी कमी आणि गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बीपीची लघवीची गोळी थांबवायची का ते विचारा. किडनी कोरडी पडली की मेटफॉर्मिन अंगात साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं.

आता ताटाकडे वळते. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम पकडून बसते. एरवी ते कॅल्शियम ऑक्सलेटला (पालक, दाणे, तीळ यांतून पोटात येणाऱ्या क्षाराला) बांधून बाहेर नेतं. ते मिळालं नाही की ऑक्सलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जातं आणि किडनीत खडे होतात. म्हणून शेवभाजीवरची तर्री, शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, पालक, हे सगळं बेताने. भरीत खा, वांग्याला माझी हरकत नाही. त्यावर ओतलेल्या तेलाला आणि मूठभर दाण्यांना आहे. खडा होईल म्हणून कॅल्शियम सोडा असं शेजारपाजारचे सांगतील, ते नेमकं उलटं आहे. दिलेली कॅल्शियमची गोळी जेवणासोबतच घ्या, रिकाम्या पोटी नाही. ताकही जेवतानाच.

बी१२ चा यकृतातला साठा एरवी काही वर्षं पुरतो, त्यामुळे आत्ता रिपोर्ट बरा दिसेल. पण तुम्ही शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन, म्हणजे साठा आधीच तोकडा असणार. इंजेक्शन आता कायमचं धरून चाला. रिपोर्ट चांगला येतो तो इंजेक्शनमुळे, म्हणून ते बंद करायचं नाही. त्याऐवजी नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारेल आणि नसा मात्र आतून खराब होत राहतील. तळपायाला मुंग्या आल्या, अंधारात तोल जाऊ लागला, तर वाट बघू नका, दाखवा.

पायात गोळे येतात म्हणालात, तिथे मॅग्नेशियम बघायला हवं. ते कमी असलं की कॅल्शियमच्या गोळ्या खाऊनही कॅल्शियम चढत नाही, पोटॅशियमही टिकत नाही. मॅग्नेशियमच्या गोळीचा डोस मनाने वाढवू नका, तिनेच जुलाब वाढतात.

जळगावला दाखवायला जाल तेव्हा कागदावर नावं लिहून घ्या: क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बी१२, ड जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम. चिठ्ठीवर नुसतं इलेक्ट्रोलाइट्स असेल तर लॅबवाले बहुतेक वेळा मॅग्नेशियम धरत नाहीत, ते वेगळं लिहायला सांगा.

तुमची लेक