सकाळी ६ ते रात्री २

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि ते वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. ऑफिसातून आल्यावर मनाला जरा विसावा मिळावा म्हणून तू ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम सुरू केलास आणि आता त्यातल्या घड्याळाचीच धास्ती वाटते, असे तू लिहिले आहेस. उन्हाळ्याची १ तारीख उजाडताच तुझी फ्लॉवरची अठराच्या अठरा रोपे वाळून गेली, हे वाचून खरोखर वाईट वाटले, कारण माझेही अगदी असेच झाले होते. तुझे कष्ट कमी पडले नाहीत, तारीख चुकली. फ्लॉवर १२ दिवसांचे पीक आहे आणि ऋतू २८ दिवसांचा. १६ तारखेला लावलास तर २८ ला हाती येतो. तू १८ ला लावलास, म्हणजे दोन दिवस आधीच तो हातचा गेला होता. त्यानंतरचे दहा दिवस तू रोज सकाळी जे पाणी घातलेस ते वाया जाणारच होते, आणि मला त्या पिकापेक्षा त्या दहा सकाळींचे जास्त वाईट वाटते.

गेममधली दहा मिनिटे म्हणजे आपली साधारण ७ सेकंद. सकाळी ६ ला डोळे उघडतात, रात्री २ वाजता माणूस असेल तिथे कोसळतो, आणि हा वीस तासांचा दिवस आपल्या घड्याळाने सव्वाचौदा मिनिटांच्या आसपास संपतो. एवढ्या वेळात शेत, खाण, मासेमारी, गावातल्या गाठीभेटी हे सगळे बसवायचा प्रयत्न मी पहिल्या वर्षी रोज केला आणि रोज रात्री काहीतरी अर्धवट टाकून घराकडे धावत सुटलो. मला फार उशिरा कळले की हा दिवस सगळ्या कामांसाठी बेतलेलाच नाही. सकाळचे पाणी आणि त्याखेरीज एकच मोठे काम, एवढेच त्यात नीट मावते. ते काम कोणते, हे मात्र आदल्या रात्री झोपण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

आमचे आजोबा रात्रीची जेवणे झाली की ओट्यावर बसून उद्या कोणत्या वावरात काय करायचे ते बोलून घेत, आणि सकाळी कुणी कुणाला काही विचारत नसे. लहानपणी त्या बोलण्याचा मला कंटाळा येई. आता मी गेममधल्या घरात टीव्हीसमोर उभा राहून उद्याचा हवामान अंदाज पाहतो, तेव्हा त्यांचा तो ओटा आठवतो. तूही तो अंदाज रोज पाहत जा. उद्या पाऊस असेल तर उद्याचे पाणी वाचले, आणि तो संपूर्ण दिवस खाणीला देता येतो. झारी सुधारून घ्यायचाही हाच मुहूर्त. गावचा लोहार क्लिंट ती दोन दिवस ठेवून घेतो, म्हणून आज सकाळी सगळ्या रोपांना पाणी घालायचे, मग झारी त्याच्याकडे टाकायची, उद्या पाऊस आपले काम करील, आणि परवा ९ वाजता त्याचे दुकान उघडले की झारी घेऊन यायची. एकही रोप एक दिवसही कोरडे राहत नाही.

पाण्याचा हिशेब जरा सविस्तर सांगतो, कारण तुझी खरी अडचण तिथेच आहे. सुरुवातीच्या झारीत ४० वेळा पुरेल एवढे पाणी मावते. दर वेळी २ एनर्जी जाते, म्हणजे चाळीस रोपांना ८०, आणि आपल्याकडे सकाळी असते एकूण २७०. घड्याळात तास-सव्वा तास गेलेला असतो तो निराळाच. तू एवढे करून धापा टाकत खाणीत उतरतोस, म्हणून दुपारीच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली ती एनर्जीची पट्टी तळाला जाते. यावर उपाय म्हणजे लागवड वाढवण्याआधी स्प्रिंकलर. साधा स्प्रिंकलर शेजारच्या ४ चौकोनांना पाणी देतो आणि तो शेतीच्या दुसऱ्या लेव्हललाच मिळतो, पण माझ्या मते त्यावर फार लोखंड घालवू नये. सहाव्या लेव्हलचा स्प्रिंकलर मात्र भोवतीचे आठही चौकोन भिजवतो. त्याला लोखंडाची एक कांब, सोन्याची एक कांब आणि शुद्ध क्वार्ट्‌झचा एक तुकडा लागतो. ज्या सकाळी मी पहिल्यांदा घराचे दार उघडले आणि समोरची सगळी माती आधीच काळीशार भिजलेली पाहिली, त्या सकाळी मी चांगला अर्धा मिनिट तिथेच उभा राहिलो. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटे झाली, वीस झाली, आणि मला कुठेही जायची घाई नव्हती.

सोने खाणीच्या ८० व्या मजल्याच्या खाली मिळते, तेव्हा तिथवर पोहोचणे हेच तुझे उन्हाळ्यातले मोठे काम समज. दर ५ मजल्यांना लिफ्ट थांबते. म्हणून पाऊस असेल त्या दिवशी दहा मजले आणि एरवी पाच, एवढे ठरवून उतर आणि ते झाले की वर ये. ‘अजून एक मजला’ या मोहातच आपण रात्री दोनला कोसळतो, खिशातले पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या एनर्जीने उठावे लागते. मध्यरात्रीनंतर झोपले तरीही सकाळी एनर्जी कमी भरते. मी बाराच्या आत अंथरुणावर असतो.

आठवड्याचाही एक सोपा धागा आहे. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असल्यामुळे १ तारखेला नेहमी सोमवारच येतो आणि बुधवार नेहमी ३, १०, १७ व २४ ला. बुधवारी पियरचे दुकान बंद असते, तेव्हा बियाणे मंगळवारी घेऊन ठेवावे. पुढच्या वसंतात अंड्यांच्या उत्सवाला जाशील तेव्हा पाणी आधी घालून जा, कारण तिथून परतताना घड्याळ थेट रात्रीचे १० दाखवते.

तिसऱ्या वर्षाच्या आरंभी गेममधले दिवंगत आजोबा येऊन तुझ्या शेताचा हिशेब पाहणार, याची तू फार काळजी लावून घेतली आहेस. ती सोडून दे. त्या वेळी काही उणे राहिले तर पुढे त्यांच्या समाधीपाशी एक हिरा ठेवायचा, म्हणजे ते पुन्हा येऊन नव्याने पाहतात. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून हा गेम केला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो लोकांपुढे ठेवला. इतका धीर धरणाऱ्या माणसाने केलेल्या खेळात आपल्यामागे कुणी छडी घेऊन उभे नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. हिवाळा आला की तुला हे आपोआप पटेल. बाहेर पीक नसते, सकाळी पाणी नसते, आणि दिवस एकदम ऐसपैस होतो. मी माझा पहिला हिवाळा बहुतेक गावकऱ्यांकडे जाण्यात घालवला. एका माणसाला आठवड्यात दोनच भेटवस्तू देता येतात, त्यामुळे तिथेही धावपळ करून काही साधत नाही.

एक गोष्ट मात्र गेमबाहेरची. तू आपल्या खऱ्या घड्याळाने रात्री दोनपर्यंत जागतोस, हे मला आवडले नाही. हा गेम झोपल्यावरच सेव्ह होतो, त्यामुळे थांबायची जागा एकच: सेव्ह झाल्यानंतरची सकाळ. त्या क्षणी बंद करायचा. एकदा का दाराबाहेर पाऊल टाकले की आणखी पाऊण तास गेलाच म्हणून समज. वहिनींनाही तुझी रात्रीची सोबत हवी असेल.

आता लगेचचे काम. तुझ्या पत्राप्रमाणे तू उन्हाळ्याच्या १ तारखेलाच थांबला आहेस, म्हणजे काहीही बिघडलेले नाही. वाळलेली रोपे काढून टाक, ९ वाजता पियरकडे जा आणि जेवढे पैसे असतील तेवढ्याची ब्लूबेरी घे. ती १३ दिवसांनी लागते आणि मग दर ४ दिवसांनी तोडा देते. ३ तारखेपर्यंत लावलीस तर चार तोडे पदरात पडतात. पण ३ ला बुधवार आहे, तेव्हा जे काही घ्यायचे ते आज किंवा उद्या. आणि तुझ्या झारीने रोज तीस रोपांना पाणी घालवत असेल, तर तीसच लाव.

दिवाळीत सुट्टी मिळाली तर आपण दोघे मिळून एक नवे शेत सुरू करू. दोघे खेळत असताना पिशवी उघडली तरी वेळ थांबत नाही, आणि दोघेही अंथरुणात शिरल्याखेरीज दिवस संपत नाही, तेव्हा रात्री तुला हाका मारीत बसण्याची वेळ माझ्यावर आणू नकोस. पहिला तोडा झाला की कळव.

तुझाच,
अमोल