तेल मीच घातलं

इंदूर,
8 सप्टेंबर 2025

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या देऊन घे. मार्चनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन उचलले नाहीत, आणि तिसऱ्याला 'गाडी चालवतोय' म्हणालो तेव्हा मी पलंगावर पडून पंख्याकडे बघत होतो. प्रकृती बरी. साखर जरा वर, बीपी गोळीच्या धाकात. सुमनची कंबर आहे तशीच.

घाटा बिल्लोद. एवढेच दोन शब्द लिहून पाकीट बंद केलं असतं तरी तुला निम्मं कळलं असतं. उरलेलं निम्मं जर्मनीत घडलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथे कट्ट्यावर सांगितलं तर संध्याकाळपर्यंत रामबागेतून राजवाड्यावर पोचेल आणि वाटेत दोन अपघात, एक पोलीसकेस त्याला चिकटलेली असेल.

जुलैत आम्ही म्युनिकला लेकीकडे, गौरीकडे होतो. तिला सातवा लागलेला, म्हणून ती घरीच राहिली आणि जावई अनिरुद्ध आम्हा दोघांना साल्झबर्ग दाखवायला निघाला. त्यांच्याकडे गाडी नाही, ट्रामवर भागतं. तेव्हा तीन दिवसांसाठी भाड्याची घेतली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, रस्त्यात गाडी अडली तर मदतीचं जादा संरक्षण हवं का, दिवसाला सात युरो. अनिरुद्धनं माझ्याकडे पाहिलं. मी मारोठिया बाजारात हळदीचा भाव करणारा माणूस. म्हटलं, कोरी गाडी आहे, कशाला उगाच? एकवीस युरो वाचवले मी. हा आकडा लक्षात ठेव.

साल्झबर्ग छान आहे. मोझार्टचं पिवळं घर पाहिलं, सुमननं त्याच्या तोंडाची चॉकलेटं घेतली. पुढे.

परतताना अनिरुद्ध म्हणाला, ऑस्ट्रियात तेल स्वस्त पडतं, सीमेच्या अलीकडेच टाकी भरून घेऊ. पंपावर थांबलो. तो आत बाथरूमला गेला. सुमन मागच्या सीटवर डोळे मिटून. आणि मला वाटलं, आपण एवढंही करू नये? बाळ्या, चाळीस वर्षं गाडी चालवतोय, पण पंपावर मी आयुष्यात एकच काम केलंय, 'झीरो देख लो साब' म्हटलं की झीरो बघायचा. तिथे कुणीच नसतं. आपणच नोझल उचलायचं, भरायचं आणि मग आत जाऊन पैसे द्यायचे. मी पाट्या वाचल्या. पेट्रोल असं कुठेच लिहिलेलं नाही, कारण ते लोक त्याला बेन्झिन म्हणतात, आणि पंपावर तेही न लिहिता लिहितात 'सुपर'. शेजारी डिझेल होतंच, चांगलं ठळक. पण माझ्या डोक्यात डिझेल म्हणजे तुझ्या मामांची मेटाडोर, सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठायची. ही गाडी तर मांजरासारखी चालत होती. डिझेल कशी असेल? घातलं सुपर. अडतीस लिटर. शेवटचे थेंब झटकलेसुद्धा.

आता मला सगळं माहीत आहे. युरोपात 2018 पासून नोझलवर आणि टाकीच्या झाकणावर खुणा असतात, पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. आमच्या झाकणाच्या आत चौकोन होता. मी झाकण उघडलं, आत पाहिलं नाही. आणि गंमत बघ, पेट्रोलचं नोझल बारीक, डिझेलचं जाड. जाड नोझल पेट्रोलच्या टाकीत जातच नाही, पण बारीक डिझेलच्या टाकीत मजेत उतरतं. चूक करायला एकच वाट मोकळी आहे आणि ती तुझ्या मित्राला पहिल्या फटक्यात सापडली.

तेव्हाही, चावी फिरवली नसती तर टाकी उपसून निभावलं असतं. अनिरुद्ध आला, आत जाऊन पैसे दिले, पावती खिशात कोंबली, निघालो. सीमा ओलांडली, बाड राइखेनहालची पाटी गेली आणि गाडीला उचक्या लागल्या. त्यानं कशीबशी कडेच्या खाचेत घेतली. मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. चारी इंडिकेटर, डिकीतून केशरी जाकीट, तो लाल त्रिकोण घेऊन मागे दोनशे पावलं चालत गेला. आम्हाला लोखंडी कठड्याच्या पलीकडे गवतात उभं केलं. गाडीत बसायचं नाही म्हणे, मागून कुणी आदळलं तर? रस्त्याकडेच्या खुंटांवर छोटे बाण असतात, ते जवळच्या आपत्कालीन फोनची दिशा दाखवतात, हेही त्यानं दाखवलं. पण तो फोन केला नाही. भाड्याच्या गाडीला आधी कंपनीच्याच नंबरवर कळवायचं, तो चावीच्या बिल्ल्यावर असतो. आपण परस्पर मेकॅनिक बोलावला तर त्याचं बिल ते मानत नाहीत. कराराचा नंबर, गाडीचा नंबर, कितव्या किलोमीटरवर, कोणत्या दिशेला, माणसं किती. कठड्याजवळच्या निळ्या पाटीवरचा आकडा मी वाचून दाखवला. त्या दिवसातलं माझं एकमेव उपयोगी काम.

फोन चालू असताना त्यानं खिशातून पावती काढली. वाचली. घडी घातली आणि परत ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन तास दहा मिनिटं. पाऊस भुरभुरत होता. सुमननं पिशवीतून आपली लौंगची सेव काढली आणि आम्ही तिघं बव्हेरियाच्या गवतात उभे राहून सेव खात होतो. त्या दोन तासांत मला सारखा तूच दिसत होतास. घाटा बिल्लोदच्या मोरीवर बसलेला, डोक्यावर पोतं, शेजारी आमच्या तात्यांची बंद पडलेली लॅम्ब्रेटा स्कूटर.

मग पिवळा ट्रक आला. साठीचा माणूस, आपल्या दत्तू मिस्तरीसारखा, कमी बोलणारा. त्यानं टाकीचं झाकण उघडून वास घेतला. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काहीतरी विचारलं. भाषा येत नसली तरी प्रश्न कळला. मी तोंड उघडणार तोच अनिरुद्ध म्हणाला, "इश."

मला वाटलं लाजला. नंतर कळलं, जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'मी'.

मिस्तरीनं कागदावर लिहिलं, अनिरुद्धनं सही केली. हसू नकोस. म्हणजे हस, मीही ट्रकमध्ये हसलोच होतो, अर्थ कळेपर्यंत.

बिल आलं एक हजार एकशे चाळीस युरोचं. उचलून नेणं, टाकी आणि पाइप धुणं, फिल्टर, आणि तो हाय-प्रेशर पंप तपासणं. त्या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण, आणि पेट्रोल ते धुऊन नेतं. हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला. तू 1983 च्या पावसाळ्यात नेमकं हेच ओरडत होतास ना? 'दिन्या, टू-स्ट्रोकला तेल घालतात ते चवीला नाही रे, वंगण असतं ते!' मी सव्वा रुपया वाचवायला नुसतं पेट्रोल भरून घेतलं होतं. इथे एकवीस युरो. कारण ते जादा संरक्षण घेतलं असतं तर त्यात चुकीचं इंधनही बसत होतं. करारात बारीक अक्षरात आहे. आम्ही घेतलेल्या साध्या विम्यात टायर, काच, चावी हरवणं आणि चुकीचं तेल, सगळं वगळलेलं. वाचतो कोण? मी वाचलं, महिन्यानं, भिंग घेऊन.

लाखाच्या वर गेले रे. पण पैशाचं म्हणशील तर मी ते देऊ शकतो. पाठवलेही होते गौरीच्या खात्यात, बाळाचं सामान म्हणून. अनिरुद्धच्या लक्षात आलं, त्यानं परत पाठवले आणि वर एक स्मायली. मला छळतंय ते वेगळंच. गौरीला वाटतं, ते पेट्रोल त्यानंच घातलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विषय निघतो. 'बाबा, हा मेकॅनिकल इंजिनिअर बरं का! याला आपल्या पलासियाच्या पंपावर ट्रेनिंगला पाठवा.' तो हसतो. मी हसतो. मागच्या रविवारी त्याची आई कॉलवर होती. त्याही हसल्या, पण कशा ते सांगता येत नाही. मुलाला बोललेलं कुठल्या आईला आवडतं?

आणि सुमन. परवा झाँक्या, गणपतीचे चित्ररथ, बघायला गेलो होतो. तुला माहीत आहे, गिरण्या कधीच्या बंद पडल्या पण अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा मिलच्या झाँक्या रात्रभर निघतातच. गर्दीत माझा हात धरून ती एकदम म्हणाली, "पंपावर मला झोप लागली नव्हती." एवढंच. मग म्हणाली, यंदा लाइटिंग जास्त आणि देखावे कमी. म्हणजे दोन महिने तिला माहीत आहे! मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणे, तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते.

आता डिसेंबरात ती मंडळी बाळाला घेऊन येतील. सगळ्यांसमोर सांगावं असं वाटतं, आणि वाटतं की त्या पोरानं जे झाकलं ते उघडं करून आपण फक्त आपलं ओझं उतरवू. तू काय म्हणतोस? आणि 'गाढवा, फोन करून सांग' हे सोडून सांग. फोन मी तीनदा केला. एकदा त्यानं हवामानाबद्दल विचारलं, एकदा पोहे कसे भिजवायचे ते. तिसऱ्यांदा मीच ठेवला.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? निखिलचं बंगलोर पक्कं झालं का? कोथरूडची जागा विकू नकोस, भाड्यानं दे. आणि कॅरममध्ये तो क्वीनचा कव्हर झाला नव्हता, हे मी अजूनही मानत नाही.

बाळ्या, एक विचारायचं राहिलंय. बेचाळीस वर्षं राहिलंय. त्या रात्री आपण कांद्याच्या ट्रकमधून लॅम्ब्रेटा घेऊन आलो, तात्या दारात उभे होते, आणि मी काही म्हणायच्या आत तू म्हणालास, "काका, तेल घालायचं मी विसरलो." तात्यांनी तुझ्या कानाखाली काढली. पुढे दोन वर्षं तू आमच्या घरी आला नाहीस आणि दिवाळीचा फराळ मी तुला चोरून मल्हारगंजात आणून द्यायचो. तात्या गेले ते तुलाच दोषी समजत गेले. तू आणि मी यावर एकदाही बोललो नाही. मी मुद्दाम बोललो नाही. चकल्यांत फिटलं असं धरून चाललो होतो.

तू का म्हणालास तसं? फोनवर सांगू नकोस, तिथे तू थट्टेवर नेशील. लिहून पाठव.

तुझा,
दिन्या

ता. क. सोबत लौंगची सेव एक किलो पाठवतोय. अर्धी वहिनींची आहे, तुझी नाही. पत्र त्यांना दाखवू नकोस, निदान लॅम्ब्रेटापर्यंतचं तरी.