फेस येत नाही? आधी पाणी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

आजकाल बरीच पोरं कॅनमधला फोम सोडून परत दाढीच्या साबण-ब्रशकडे वळतायत आणि आठवड्यात कंटाळतात, म्हणे फेसच येत नाही. अहो बोअरच्या पाण्याने कसा येणार? त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी नुसता पांढरट चिकट थर बसतो. कपभर आरओचं पाणी घ्या, बास.

ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, डुकराच्या केसांचा असेल तर जरा जास्त वेळ, मग झटकायचा पण पार कोरडा नाही, आणि वडीवर अर्धा मिनिट तरी घोटायचा, इथंच सगळे घाई करतात. नंतर गालावर गोल गोल फिरवत थेंब थेंब पाणी वाढवत जायचं. मोठे बुडबुडे दिसले तर बहुतेक पाणी जास्त झालं नाहीतर साबण कमी पडला, लगेच वाळायला लागला तर पाणी कमी. दह्यासारखा घट्ट आणि जरा चकाकणारा झाला की रेझर चालवा. जाहिरातीतला तो भलामोठा फुगलेला फेस दिसायलाच छान, त्यात नुसती हवा असते.

आणि ब्रश धुवून मोकळ्यावर वाळवा, ओलाच डब्यात कोंबला की वास मारतो.

– एक वाचक, सोलापूर