समुद्रतळाचे प्राणी ओळखणार कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत भारताच्या ‘मत्स्य ६०००’ या खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुडीवर पानभर लेख आला. तीन माणसं बसतील एवढा टायटॅनियमचा गोल, ६००० मीटर खोली, तळाशी पडलेलं निकेल, कोबाल्ट आणि तांबं, सगळं व्यवस्थित मांडलं होतं. लेखकाचं कौतुकच आहे. पण त्या अख्ख्या पानात समुद्रतळाशी राहणाऱ्या एकाही प्राण्याचं नाव नव्हतं. खाली धातू आहेत आणि दुसरं काहीच नाही, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर कात्री लावा, पण मधला भाग तेवढा ठेवा.

मी वेंगुर्ल्याची. नोकरी गोव्यात, समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून झाली. खोल समुद्राच्या मोहिमेवर मी कधी गेले नाही. आमच्याकडे समुद्र यायचा तो बाटल्यांतून. मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरहून खोल तळावरचा चिखल असायचा तो. जहाजावर जाऊन आलेले सांगत, की पोलादी पेटी तारेवर सोडली की तळ गाठायलाच दीड-दोन तास जातात आणि वर आलेला चिखल भर उन्हात डेकवरसुद्धा हात बधिर होईल इतका गार असतो. त्याचे थर कापतात. वरचे दोन सेंटिमीटर वेगळे ठेवायचे, कारण बहुतेक जीव तिथेच असतात. मग जीव सडू नयेत म्हणून फॉर्मॅलिन, आणि रोझ बेंगाल नावाचा रंग. त्याने जीव गुलाबी दिसू लागतात.

आमचं काम इथून पुढे. चिखल ०.३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून धुवायचा, उरलेला गाळ थाळीत घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुलाबी ठिपका बारीक ब्रशाने उचलायचा. सकाळी बसलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कधी चार-पाच जीव हाती लागत, कधी एकही नाही. पॉलिकीट म्हणजे अंगावर केस असलेले कृमी, आणि आयसोपॉड व टॅनेड हे खेकडे-कोळंबीच्या गटातले बारीक जीव. चाळणीतून निसटणारे सूत्रकृमी आणखी बारीक जाळीवर धरावे लागत. इतके थोडे का, तर खाली सूर्यप्रकाश नाही आणि अन्न वरून गळून येईल तेवढंच. पृष्ठभागाजवळ तयार होणाऱ्या अन्नातलं जेमतेम एक टक्का तिथवर पोहोचतं. एवढ्यावर तगून राहिलेला, पायांवर नीट केस असलेला कृमी पाहिला की मला अजूनही बरं वाटतं. घरचे हसतात.

आता त्या धातूंबद्दल. धातूचे गोळे बटाट्याएवढे असतात आणि चिखलावर मोकळे पडलेले असतात. ते वाढतात दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. मऊ चिखलाच्या त्या प्रदेशात घट्ट धरून बसायला हीच काय ती जागा, म्हणून स्पंज आणि इतर काही प्राणी या गोळ्यांवरच राहतात. गोळा उचलला की त्यांचं घर गेलं, ते आपल्या कुठल्याच पिढीला परत दिसणार नाही. जर्मन संशोधकांनी १९८९ मध्ये पेरूजवळच्या समुद्रात चार हजार मीटरहून खोल तळ मुद्दाम नांगरून पाहिला, गोळे काढल्यावर तळाचं काय होईल ते कळावं म्हणून. २०१५ मध्ये पुन्हा जाऊन बघितलं तर नांगराचे चर तसेच होते. आपणही १९९७ मध्ये हिंदी महासागरात असाच प्रयोग केला, रशियन जहाज घेऊन, सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा ढवळून. हे आपल्या देशाच्या संशोधनातलं चांगलं काम आहे. दुर्दैवाने त्याची बातमी कुणाला ठाऊक नाही.

प्रवाळांचं नशीब त्या मानाने बरं. ती दिसतात, फोटोत छान येतात. आमच्या मालवणला पर्यटक स्नॉर्केलिंगला जातात ते त्यांच्यासाठीच. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळ निघाले, तेव्हा वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यामुळे २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे बसवावे लागले. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँकचं पठार आहे, त्याच्या प्रवाळांबद्दलही अधूनमधून छापून येतं. पाणी तापलं की प्रवाळ आतलं शेवाळ टाकून पांढरे पडतात आणि नुसत्या डोळ्यांना कळतं की काहीतरी बिघडलंय. १९९८ मध्ये लक्षद्वीपला ते साऱ्यांनी पाहिलं. खोल तळावरचा कृमी मेला तर तो कुणालाच दिसत नाही. आणि ज्याला अजून नावच नाही, तो नाहीसा झाला हे तरी कशावरून ठरवणार?

नाव नसणं ही बारीक गोष्ट नव्हे. प्रशांत महासागरात क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा असाच गोळ्यांचा पट्टा आहे. तिथल्या नोंदींचा २०२३ मध्ये आढावा घेतला गेला. पाच हजारांहून अधिक जातींचा अंदाज निघाला आणि त्यातल्या सुमारे ९० टक्के जातींचं शास्त्रीय वर्णन झालेलंच नव्हतं. मध्य हिंदी महासागराच्या आपल्या खोऱ्यात तर प्रशांतइतकं कामही झालेलं नाही, आणि तिथे ७५ हजार चौरस किलोमीटरवर शोधाचे हक्क आपल्याकडे आहेत.

वर्णन करणं म्हणजे काय, तेही सांगते. कृमीच्या प्रत्येक खंडावरचे केस मोजायचे, जबडे पाहायचे, चित्र काढायचं, मग शंभर वर्षांपूर्वीच्या लेखातल्या वर्णनाशी आणि कुठल्या तरी परदेशी संग्रहालयातल्या मूळ नमुन्याशी ताडून पाहायचं. एका जातीला वर्षं जातात. हे येणारी माणसं निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी दुसरी येत नाहीत. आमच्याकडे एक मुलगी होती, सूत्रकृमींची तिची नजर विलक्षण. प्रकल्प संपला, पगार थांबला, ती बँकेच्या परीक्षेला बसली. आता कर्ज मंजूर करते. तिला दोष कोण देईल?

आता डीएनएने सगळं कळतं, असं लगेच कुणी म्हणेल. कळतं, पण तो डीएनए ताडून पाहायला आधी कुणीतरी नाव देऊन ठेवलेला नमुना लागतो. शिवाय आमच्या पिढीचे सारे नमुने फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. म्हणजे त्या बाटल्या वाचायच्या तर डोळ्यांनीच. बाटल्यांचीही निगा लागते. फॉर्मॅलिननंतर नमुने अल्कोहोलमध्ये ठेवतात; ते उडतं, वरचेवर भरावं लागतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाकायची असते, कारण शाई पसरते. एका ठिकाणी (नाव घेत नाही) खोली बदलताना कपाटं हलवली आणि नंतर कुणी फिरकलंच नाही. बाटल्या कोरड्या, आत तपकिरी पापुद्रे. त्या मोहिमेच्या जहाजाचं नुसतं डिझेल किती जळलं असेल याचा हिशेब करून बघा.

जुन्यांना हे समजत होतं. १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचं लाकडी जहाज बांधलं गेलं. त्यावर ॲल्कॉक नावाचे डॉक्टर निसर्गतज्ज्ञ म्हणून होते. त्यांनी खोल समुद्रातून वर आणलेले मासे आणि खेकडे कोलकात्याच्या संग्रहात ठेवले गेले, आणि अभ्यासकांना आजही त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

‘मत्स्य ६०००’ ज्या सरकारी योजनेतून होते आहे, त्या डीप ओशन मिशनला जून २०२१ मध्ये ४०७७ कोटी रुपये मंजूर झाले. त्यात सहा विषय आहेत आणि खोल समुद्रातली जैवविविधता हा त्यातला एक. कागदावर जागा आहे, हे मी नाकारत नाही. माझं मागणं एवढंच की त्या एका विषयातून नमुने ओळखणाऱ्यांच्या कायम जागा भरल्या जाव्यात, तीन वर्षांच्या प्रकल्पावर नव्हे. कोकणात प्राणिशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेल्या मुली कमी नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांना साधे सूक्ष्मदर्शक आणि जुन्या नमुन्यांचा एखादा संच दिला तर निवडीचं निम्मं काम इथेच होईल.

आणि एक विनंती आपल्याला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीयांनी फ्रान्सच्या पाणबुडीतून अटलांटिकमध्ये ५००० मीटर खोली गाठली. उद्या ‘मत्स्य’ उतरेल तेव्हा आपला वार्ताहर, ती जिथे तयार होते त्या चेन्नईला जाईलच. त्याने तिथे एवढं विचारावं: वर आलेला चिखल कोण वेचणार आहे, त्यातले चाळिशीच्या आतले किती, आणि त्यांची नेमणूक कधीपर्यंत आहे? उत्तर आतल्या पानावर छापलंत तरी मी वाचीन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, वेंगुर्ले