घरी सोडताना हे दोन प्रश्न विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा, पथ्य, पुढच्या तपासणीची तारीख असे सारे नीट समजावून सांगितले जाते. मात्र घरात बंदूक आहे का आणि औषधे कुठे ठेवली जातात, हे दोन प्रश्न पुष्कळदा राहूनच जातात. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात, हे ठाऊक असूनही असे घडते.

‘ज्याला जायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधेल’ हा समज याच्या मुळाशी असावा, आणि तो डॉक्टरांमध्येही आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. टोकाच्या निर्णयाची ती लाट बहुधा अल्पकाळ टिकते, कित्येकांच्या बाबतीत काही मिनिटेच. आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातील सुमारे नऊ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. इस्रायलच्या सैन्याने 2006 मध्ये आठवड्याच्या सुटीला घरी जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र तळावरच ठेवण्यास सांगितले. त्यानंतर सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती आणि इतर दिवशी मात्र हे प्रमाण वाढले नाही. ब्रिटनमध्येही 1998 पासून पॅरासिटामॉलच्या पाकिटातील गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि पुढील वर्षांत या औषधाच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू कमी झाले.

बंदुकीविषयी विचारणे म्हणजे खासगी बाबीत नाक खुपसणे, असे अनेक डॉक्टरांना वाटते. (दारू किती घेता, हे विचारताना हा संकोच कुठे जातो, कोण जाणे.) जोखीम टळेपर्यंत शस्त्र घराबाहेर असणे सर्वांत सुरक्षित, मात्र ते कुणाकडे सोपवता येईल, हे त्या-त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असल्याने पोलिसांकडे आधी चौकशी करावी. ते शक्य नसेल, तर बंदूक रिकामी करून कुलूपबंद ठेवावी, काडतुसे वेगळ्या जागी कुलपात ठेवावीत आणि किल्ली रुग्णाच्या हाती लागू देऊ नये. कपाटावरच्या डब्यात ठेवलेली किल्ली घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असते. बोलण्याचा सूर जप्तीचा असला, तर शस्त्राचा मालक ऐकणार नाही. व्यवस्था तात्पुरती आहे आणि तीत त्याचीच मदत हवी आहे, असे म्हटले तर बहुधा ऐकेल.

औषधांचे काम एका अर्थाने अधिक अवघड, कारण ती प्रत्येक घरात असतात आणि त्यांच्याकडे कुणी धोका म्हणून पाहत नाही. अशा रुग्णाला महिन्याभराची औषधे एकदम लिहून देण्याऐवजी आठवड्यापुरती द्यावीत आणि रोजचा डोस घरातील एका जबाबदार व्यक्तीने हातात द्यावा. कुलूप केवळ रुग्णाच्या औषधांना लावून भागत नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, जुन्या दुखण्यातून उरलेल्या वेदनाशामकांच्या अर्धवट पट्ट्या, झोपेच्या गोळ्या हे सारे त्याच कपाटात बंद हवे, आणि नको असलेली औषधे सुरक्षित विल्हेवाटीबाबत औषध विक्रेत्याला विचारून घराबाहेर काढावीत. भीतीपोटी रुग्णाचे चालू औषध मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवू नये.

असे विचारल्याने रुग्णाच्या मनात नसलेला विचार येतो, ही भीतीही निराधार आहे. मनातले बोलायला वाट मिळाल्याने अनेकांना उलट हलके वाटते.

म्हणूनच डिस्चार्जच्या कागदावर या दोन प्रश्नांसाठी स्वतंत्र रकाना असावा. किल्ली कुणाकडे आहे आणि ही व्यवस्था कोणत्या तारखेला पुन्हा तपासायची, हे परिचारिकेने नातेवाइकांसमोर त्यात लिहावे. शस्त्र परत घरात आणायचे की नाही, हेही त्या तपासणीत डॉक्टर, रुग्ण आणि कुटुंबीयांनी एकत्र बसून ठरवावे.

आपला,
एक वाचक