बाबांच्या जीपचा काटा हलला गड्या

प्रिय गड्या,

कसा आहेस? इकडं पहिली वेचणी आटोपली, ओसरीत पाय ठेवायला जागा नाही एवढा कापूस. पण आधी जीपची बातमी. पेट्रोलचा काटा चालू झाला! आपण शाळेत होतो तवापासून ई वरच, म्हणजे टाकी रिकामी दाखवत, पडून होता, अन् बाबा बांबूच्या कामटीवर खाचा पाडून पेट्रोल मोजायचे, आठवते ना? मागच्या महिन्यात आईला रात्री दारव्ह्याला दवाखान्यात नेत होतो तर मधातच गाडी बंद, टाकी कोरडी, अन् कामटी घरी राहिलेली. आई काही बोलली नाही, पण मला लय लागलं ते.

महिंद्राची जुनी पेट्रोल सीजे-3बी, टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच, ते एक बरं. सीट काढली, 5 स्क्रू खोलले, टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणारं युनिट वर आलं. मेकॅनिक म्हणे सरळ नवीन टाका. मी त्याचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, कानाजवळ हलवला तर आत खळखळ! पितळेची डबी, तिच्यातच पेट्रोल शिरलेलं, मग तरंगणार कशी? चुलीपासून दूर, अंगणात गरम पाण्यात धरली तर शिवणीजवळून बारीक बुडबुडे आले, सुईच्या टोकाएवढं छिद्र. पेट्रोल पार निथळवलं, दोन दिवस उन्हात ठेवली, मग कथलाचा डाग दिला, बारीकच, जास्त झालं की फ्लोट जड होऊन काटा कमी दाखवते.

तरी काटा नीट चढेना. टाकीला गेल्या वर्षी रंग मारला होता, त्यानं अर्थिंगच, म्हणजे करंट चेसिसमधून परत जायची वाटच, गेलं होतं. चेसिसवर रंग खरवडून युनिटच्या स्क्रूपासून तिथपर्यंत वायर ओढली, अन् उठला बाप्पा! हळूच चढते तो, काट्याच्या डब्यातली पत्ती गरम होऊन वाकते तेव्हा, मिनिटभर थांबावं लागते.

मग खरं काम, ई लावायचं. टाकी कोरडी झाल्यावर सांगणारा ई मला नकोच होता. कॅननं मोजून 5 लिटर टाकले, युनिट बसवलं, पाहिलं, काढलं, फ्लोटची दांडी पक्कडीनं केसभर वाकवली, परत बसवलं, असं सात-आठ वेळा, अन् दर वेळी बॅटरीची वायर आधी काढून, उघड्या टाकीजवळ ठिणगी नको. आता ई वर आला तरी दारव्ह्याला जाऊन यायचं पेट्रोल असते. आईला शेजारी बसवून दाखवलं.

एफचं, म्हणजे भरल्या टाकीचं, पाहायचं राहिलं, टाकी जवळपास 40 लिटरची, कापूस विकला की गच्च भरतो. दिवाळीत येशील तर युनिटखाली बसवायचं कॉर्कचं पॅकिंग भेटते का पाहजो तिकडं, इथं रबराचं देतात, ते पेट्रोलनं फुगते.

तुझाच,
गावचा गडी