'द टाइड इज हाय' ब्लाँडीचं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाण्यांच्या नव्या अवतारांवरील आपल्या लेखात 'द टाइड इज हाय' हे मुळात ब्लाँडी या अमेरिकन बँडचं गाणं असल्याचं म्हटलं आहे. ब्लाँडीचं १९८० चं रेकॉर्डिंग हेच कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती आहे. मूळ गाणं जमैकातल्या 'द पॅरागॉन्स'चं, १९६७ मधलं. लिहिलं जॉन होल्टने, मुख्य आवाजही त्याचाच. साथीला टायरन इव्हान्स आणि हॉवर्ड बॅरेट. ब्लाँडीच्या रेकॉर्डवरसुद्धा गीतकार म्हणून होल्टचंच नाव आहे, त्यामुळे ही चूक सहज टळली असती.

निर्माता ड्यूक रीड. किंग्स्टनच्या बाँड स्ट्रीटवर त्याचं दारूचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर 'ट्रेझर आइल' स्टुडिओ. तिथे टॉमी मकूक आणि सुपरसॉनिक्स यांनी साथ केली. गाण्यातलं व्हायोलिन 'व्हाइट रम' रेमंडचं. (दुकानावरच्या स्टुडिओला टोपणनाव शोभतं खरं.) हे व्हायोलिन म्हणजे मूळ रेकॉर्डची खूणच. काहीसं खरखरीत, एकटं वाजणारं, आवाजांच्या मधल्या जागा भरणारं. ब्लाँडीने तिथे ब्रास आणि तंतुवाद्यांचा ताफा आणला. शिवाय मूळ गाणं पुरुषाच्या तोंडी आहे. ब्लाँडीची गायिका डेबी हॅरीने ते स्त्रीच्या तोंडी घातलं.

लेखात या गाण्याला सरसकट 'रेगे' म्हटलं आहे, तेही बरोबर नाही. हे रॉकस्टेडी: जमैकातल्या जलद स्का संगीताची लय उतरली आणि रेगे अजून यायचा होता, त्या १९६६ ते १९६८ च्या सुमाराचं. चार मात्रा मोजून ऐका. समेवर ड्रम गप्प असतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक 'चॉप' येतो, तिसरीवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेचा ठोका एकत्र पडतो. बास गिटार सलग चालत नाही. दोनचार स्वर घेऊन थांबतो, आणि गाणं डोलतं ते त्या थांबण्यामुळे.

कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तीनच, सप्तकातल्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावरच्या, म्हणून हौशी बँड हे गाणं पटकन उचलतात आणि नेमके ठेक्यात फसतात. ड्रमर सवयीने समेवर किक मारतो, की झालं त्याचं साधं रॉक. गिटारवाला कॉर्ड लांबवतो. आघात होताच डाव्या हाताची बोटं सैल करायची (उचलायची नाहीत), म्हणजे तारा लगेच दबतात. बासवाल्याने मोकळ्या जागा भरल्या, तर उरलेलं डोलणंही जातं.

रेकॉर्ड शोधताना एक घोटाळा होतो. पॅरागॉन्सच्याच साथीवर जमैकन 'डीजे' (तिथे डीजे म्हणजे संगीतावर लयीत बोलणारा) यू-रॉयने बोल टाकलेली आवृत्ती १९७१ मध्ये आली आणि ब्रिटनमध्ये गाणं बरंचसं पोहोचलं ते तिच्यामुळे. गाण्यावर कुणी मध्येमध्ये बोलत असेल, तर ती ही आवृत्ती. अटॉमिक किटन या ब्रिटिश गायिकांच्या गटाने आपल्या कव्हरमध्ये २००२ मध्ये जोडलेला नवा भाग मूळ गाण्यात नाहीच, त्यामुळे तो होल्टच्या खात्यावर घालू नये.

लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीत 'द पॅरागॉन्स, १९६७, गीत-संगीत जॉन होल्ट' एवढी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक